पंचावन्न किलोंचा फरक

जुना टायर काट्यावर सतरा किलो भरला, नवा अठ्ठावीस. धुळ्याच्या आमच्या दुकानात येणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढे. माझे सासरे घेवरचंद यांनी दुकानाच्या पिकअपसाठी लिलावात घेतलेले हे पाच जाड टायरही चढले. मी जिन्यातून पाहत होते. अकरा पंचे पंचावन्न. पिकअपने चाकांसकट एकूण किती वजन पेलायचं, ते ठरलेलं असतं. आम्ही माल मर्यादेइतका आधीच भरत होतो. टायर जड झाले, तर तेवढा माल उतरवायला हवा. ब्रेक तर जुनेच होते.

आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नाही. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, माल पंचावन्न किलो कमी भरायला हवा. त्यांनी दारातून पोचवलं, "सून म्हणते, नव्या टायरांनी पंचावन्न किलोंचा फरक पडतो."

"ऐकलंस, कौतिक?" सासरे ड्रायव्हरला म्हणाले. "बीएस्सी झालेली सूनसुद्धा म्हणते. टाक आणखी एक मिठाचं पोतं."

"शेठजी, उताराले गाडी ऐकत नई."

"गाडी ऐकत नाही की तू? टायर बघ, हत्तीचे पाय आहेत!"

हमाल हसले. 'कमी' हा एक शब्द सासूबाईंकडून राहून गेला होता. मी दाराआड उभी होते, तरी मीही तो शब्द उच्चारला नाही. पंचावन्न किलो उतरवायचे होते, पन्नास चढले.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. "बाबूजींना वजन शिकवतेस?" एवढंच ते म्हणाले. पुढे चार महिने साक्रीच्या आणि घाटापलीकडच्या प्रत्येक बाजाराला ते पोतं गेलं, आणि पुढच्या खेपेआधी सांगू, असं मी दर आठवड्याला ठरवलं.

संक्रांतीनंतर साक्रीपुढच्या घाटात ब्रेक लागले नाहीत. कौतिकने गाडी डोंगराला घासून थांबवली. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

आज पोलीस जमादार जबान्या घ्यायला दुकानात आले. कौतिक कुबड्या घेऊन बाकावर बसला होता.

"लिहा," सासरे म्हणाले, "माल नियमात होता. यानेच गाडी भरधाव सोडली."

"मी कधी पळाडी गाडी, शेठजी?"

"मग पाय काय मी मोडला?"

जमादारांनी पेनाचं टोपण उघडलं. "खटला तुझ्यावरच होईल, कौतिक. लायसनही जाईल."

दाराआड सासूबाईंनी माझा दंड धरला. तो सोडवून मी उंबऱ्याबाहेर आले.

"बाबूजी," मी म्हणाले. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यांनी माझा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. "माल नियमात नव्हता, आणि ते मला माहीत होतं. जबानी मी देणार."