कोरा नमुना

रोशनीनं कोऱ्या नमुन्याची नळी जांभळ्या दिव्याखाली धरली आणि ती लखलखली. त्या नळीत प्रथिनाचा कणही नव्हता. होतं ते नुसतं क्षाराचं पाणी आणि रंग. हा रंग पाण्यात मुका असतो. प्रथिनाची घडी उलगडली आणि आतल्या कपारीला तो चिकटला, तरच उजळतो. मग इथं तो कशाला चिकटला होता?

तिची नजर शेजारच्या टेबलाकडे गेली. तिच्याबरोबरच संशोधन करणारी आचल पाठमोरी बसून काहीतरी लिहीत होती.

एका झाडाच्या अर्कानं हे प्रथिन उलगडतं, असं रोशनीनं जानेवारीत दाखवलं होतं. त्यांचे मार्गदर्शक लांजेवार सरांनी तो निकाल विभागभर मिरवला, शोधनिबंध पाठवला. आचलनं तोच प्रयोग करून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मले तं काहीच उजेड दिसून नाई राह्यला."

तेव्हापासून रोशनीचा तिच्यावर भरवसा नव्हता. ती बाटल्यांच्या झाकणांवर पेनानं बारीक खुणा करू लागली. खुणा रोज जागच्या जागी असत. तरी संशय जाईना. उलट, आचल फारच सावध आहे असं तिला वाटे.

कोरा नमुना ओळीनं तीन दिवस उजळला, तेव्हा ती सरांकडे गेली. "माझ्या बाटल्यांत कोणीतरी काही टाकतंय," म्हणाली. नाव तिनं घेतलं नाही. सरांनीच घेतलं, आणि तिनं ते खोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आचलला प्रयोगशाळेत एकटीनं बसायची बंदी झाली.

रोशनीनं नवा रंग काढला, नवं पाणी केलं. नळी उजळलीच.

परिचर प्रेमदास मोरीवर काचेच्या नळ्या धूत होते. तिनं फेसातली एक उचलली आणि दिव्याखाली नेली. रिकामी नळी निळीशार पेटली.

"प्रेमदासभाऊ, हे कायनं धुता?"

"कपड्याची पावडर होय ताई. ऑफिसातून साबण येऊनच नाई राह्यली, म्हून घरूनच आणतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. काऊन, काई बिघडलं का?"

ती स्टुलावर बसली. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून अशा पावडरीत घालतात ते द्रव्य या दिव्याखाली निळं चमकतं. गेल्या आठवड्यापर्यंत कोरा नमुना ती प्लास्टिकच्या नव्या नळीत घ्यायची, आणि प्रथिनाचे नमुने या धुतलेल्या काचेत. प्लास्टिकच्या नळ्यांचा डबा संपला म्हणून कोराही काचेत आला होता. आचल मात्र पहिल्यापासून सगळंच नव्या नळ्यांत करायची.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"पावडर बदलायला सांग. जानेवारीचं कशाला उकरतेस? निबंध स्वीकारला गेलाय. आणखी कोणाशी बोललीस?"

"अजून नाही."

संध्याकाळी आचल पवनारच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभी होती. रोशनीनं तिला पावडरीचं सांगितलं, मग आपण केलेल्या तक्रारीचंही.

"म्हंजे जानेवारीतला तुझा उजेड?"

"साबणाचा होता."

"हे उद्या सरांसमोर बोलशीन?"

"हो."

"मंग आताच लिहून दे."

रोशनीनं तिच्याकडे पाहिलं. बस आली, आचल चढली नाही. रोशनी बाकावर बसली, मांडीवर वही उघडून लिहू लागली. आचल शेजारी बसली नाही. उभ्यानंच वाकून ओळ न् ओळ वाचत राहिली.

"तारीख टाक," ती म्हणाली. "आन खाली पूर्ण नाव."