कापसाच्या खोलीतली शिंक

दिवाळी सरली, कापूस घरात आला, की सगुणाच्या शिंका सुरू व्हायच्या. सकाळी डोळे उघडायच्या आत पहिली, मग एकामागून एक. नाक पाण्यासारखं गळायचं, डोळे खाजायचे. तळहातानं घासून घासून नाकावर आडवी रेघ उमटली होती.

शिंकांचं तिला एरवी काही वाटलं नसतं. पण त्या वर्षी उषाआत्याला पाहायला आलेले पाहुणे "पोरगी पसंत" म्हणायला तोंड उघडतात, तोच दाराआडून सगुणा शिंकली. पाहुण्यांतले म्हातारे चपापले. "बघू, मंग कळवू," म्हणून उठले, ते गेलेच. आता टेंभुर्णीचे लोक येणार होते.

माय म्हणाली, "त्या दिवशी तू चांगुणाबाईकडं थांब. हिकडं बिलकुल फिरकायचं न्हाई."

रोज तिची वेणी घालणारी आत्या, आणि तिच्या सुपारीला आपण शेजारच्या घरात? सगुणानं वडिलांच्या मागं लकडा लावला, "दादा, डॉक्टरकडं चला."

"सर्दीला कशाला डॉक्टर? काढा पिऊन राह्यली ना?" रामकिसन म्हणाला.

"सर्दी हाय तर ताप का येत न्हाई? अन् वडीगोद्रीला मावशीकडं गेल्ते, तवा एकबी शिंक न्हाई आली. का?"

आठवडा उलटायच्या आत बापलेक परतूरहून जालन्याच्या गाडीत बसले.

नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात नाक पाहिलं. "आतून फिकट आणि सुजलेलं आहे. ही सर्दी नव्हे, ॲलर्जी आहे."

"म्हंजी काय?"

"नाकात एक राखणदार बसलाय समज. चोर आला की ओरडायचं, हे त्याचं काम. तुझा राखणदार नुसतं पान हललं तरी ओरडतो."

"कोणत्या पानाला भितो तो?"

बाई हसल्या. "तेच शोधायचंय. इतक्यात गोळ्या घेतल्यास काही?"

"न्हाई, निस्ता काढा."

"बरं झालं. गोळ्यांनी राखणदार पेंगतो, मग चाचणीत काही दिसत नाही."

बाईंनी तिच्या हातावर ओळीनं थेंब ठेवले. गाजरगवताच्या परागाचा, घरातल्या धुळीचा, बुरशीचा. प्रत्येक थेंबातून सुईचं टोक हलकेच टोचलं. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा होता.

"ह्यो कशाला?"

"पडताळायला. पाण्यानंही गांध उठली तर चाचणीचं काही खरं नाही."

सगुणा हाताकडे टक लावून बसली. पाणी गप्प राहिलं, गाजरगवतही. धूळ आणि बुरशीच्या जागी मात्र डास चावल्यासारख्या गांधी फुगत गेल्या.

"झोपतेस कुठं?" बाईंनी विचारलं.

"कापसाच्या खोलीत. ढिगावर."

"सर्दी हाय म्हणून," रामकिसन कौतुकानं म्हणाला. "भाव येईस्तोवर खोलीभर कापूस असतो आमच्यात. घरात सगळ्यात उबदार जागा तीच. ती खास लेकराला दिली."

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "माया बरोबर आहे, रामकिसनराव. जागा चुकली. त्या ढिगात धूळ आणि बुरशी दोन्ही."

त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला. मान किंचित खाली घालायची, नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या बाजूला वळवायची. "रोज मारायचा, बरं वाटलं तरी. गुण सावकाश येतो, कंटाळू नकोस."

सगुणाचं अंथरूण ओसरीवर आलं. गोधड्या कढत पाण्यात धुऊन उन्हात पडल्या. पहिले काही दिवस फरक दिसेना. माय नाक मुरडायची. मग एका सकाळी सगुणा उठली, चूल पेटली, चहा झाला, तेव्हा मायच्या ध्यानात आलं, की आज घरात कोणी शिंकलंच नाही.

टेंभुर्णीचे पाहुणे आले, तेव्हा सगुणा आत्याला खेटून बसली होती. नवरदेवाचे चुलते भुजंगराव यांना मानाचा लोड दिला होता, कापसाच्या खोलीच्या दाराशी. ते सुपारीकडे हात नेत म्हणाले, "मंग आता ठर..."

आणि शिंक आली. त्यांनाच. पाठोपाठ दुसरी, तिसरी.

मायनं सवयीनं सगुणाकडे पाहिलं. सगुणा भुजंगरावांच्या नाकाकडे पाहत होती. तिथं आडवी रेघ होती.

"काका, तुमी झोपता कुठं?"

"कापसावर. पडसं हटत न्हाई ना, म्हणून उबेला. का गं पोरी?"

आत्या पदराआड हसली. रामकिसननं उठून लोड अंगणातल्या उन्हाकडे नेला. "या पाव्हणं, हिकडं बसा. कारण ही सांगंल तुमाला. पण आधी बोला, काय म्हणत होते?"

भुजंगरावांनी नाक पुसलं. "ठरलं, म्हणत होतो."