तिसऱ्या मशीनवरचे टाळ

चांगदेव घरत यार्डातून निवृत्त झाला, त्याच आठवड्यात त्याने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत साठ-पासष्ट रेकॉर्ड होत्या. उरणच्या अंगाला सगळी मिठागरंच होती, त्या काळात तरणा चांगदेव लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावायचा. नारळाच्या झाडाला कर्णा बांधायचा, खाली टेबलावर रेकॉर्ड फिरती ठेवायची आणि हळदीपासून वरातीपर्यंत साऱ्या गावाला गाणी ऐकवायची. पुढे बंदर आलं. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात त्याला कंटेनर उचलणाऱ्या मशीनवर नोकरी लागली, आणि रेकॉर्डचं मशीन भंगारात गेलं. रेकॉर्ड मात्र त्याने कुणाला दिल्या नाहीत. कुठल्या रेकॉर्डवर कुठल्या कडव्याला सुई अडखळते, हेदेखील त्याला पाठ होतं.

आता हात मोकळे होते. मुलगी प्राप्ती पनवेलला दिलेली. तिने शोध लावला की अलिबागजवळच्या नागावात कैस नावाचा एक जण आहे, कुवेतहून परतलेला, आणि घरातच रेकॉर्ड प्लेअर विकायला बसलाय. मग एका सकाळी चांगदेव आणि त्याची बायको ठमी करंजाच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरली आणि तिथून नागावला पोचली. चांगदेवच्या पिशवीत एकच रेकॉर्ड होती, भजनाची. त्या भजनातले टाळ ज्या मशीनवर मोकळे वाजतील ते मशीन घ्यायचं, असं त्याचं घरून निघतानाच ठरलं होतं.

सुपारीच्या वाडीत कैसचं घर. पडवीत लांब टेबल आणि त्यावर ओळीने मशीनं. कैस पंचेचाळिशीचा, बोलायला मोकळा.

"काका, ते सुटकेसवालं नजरेत भरतं, पण घेऊ नका," त्याने आधीच सांगितलं. "त्याची सुई जड पडते, रेकॉर्ड खरवडून काढते. तुमचा माल जुना आहे, त्याला हलक्या हाताचं मशीन पाहिजे."

चांगदेवला माणूस पटला. गिऱ्हाईकाआधी रेकॉर्डचा विचार करणारा.

कैसने पहिलं मशीन लावलं, पट्ट्यावर फिरणारं. तबकडी फिरायला लागली. चांगदेवने मान तिरकी करून ऐकलं. ढोलकी आली, बुवांचा आवाज आला, पण जाड गोधडीखालून यावा तसा.

"टाळ कुठं गेले?" त्याने विचारलं.

"आहेत ना काका. ऐका, आत्ता... आत्ता वाजले."

"न्हाय."

कैसने आवाज थोडा वाढवला. चांगदेव मान हलवत राहिला. बाकावर बसलेली ठमी म्हणाली, "आवं, वाजतान की टाळ." तिला परतीच्या लाँचची घाई आहे, असं चांगदेवला वाटलं. तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातला?"

दुसरं मशीन लावलं. ते सरळ मोटरवर फिरणारं, कुण्या जाणकाराच्या घरून आलेलं, पहिल्यापेक्षा भारी. त्यावरही तेच. चांगदेव वैतागला. कंपन्यांना आता मशीनं बनवताच येत नाहीत, नुसता दिखावा, असं काहीबाही बोलला. कैसने सुईखाली बोट धरून पाहिलं, तारा काढून पुन्हा जोडल्या, मग म्हणाला, "बरं, हे तिसरं बघा. माझ्याकडे असलं एकच राहिलंय."

या वेळी चांगदेवने डोळे मिटून घेतले. ढोलकी सुरू झाली तशी त्याची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. पहिलं कडवं झालं. आणि मग, हळूहळू, सगळं जागेवर यायला लागलं. बुवांचा आवाज गोधडीतून बाहेर आला. पेटीचे सूर सुटे झाले. दुसऱ्या कडव्याला टाळ आले, खणखणीत, डाव्या अंगाला एक जोडी आणि उजव्या अंगाला दुसरी. तिसऱ्या कडव्याला सुई अडखळायची ती जागा आली, तिथे तो सवयीने थांबला आणि पुढे गेला. त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"हाच!" तो डोळे मिटूनच म्हणाला. "हाच द्या मला. आयक ठमे, टाळ कसं वाजतान ते. याला म्हणतात मशीन."

चांगदेवने आणखी एक कडवं ऐकलं आणि मग डोळे उघडले.

तबकडी थांबलेली होती. सुईचा दांडा त्याच्या खुंटीवर निजलेला होता. कैसच्या एका हातात रेकॉर्ड आणि दुसऱ्या हातात मखमली कापड होतं. ठमीने पदर तोंडावर धरला होता.

चांगदेवने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा कैसकडे. "का बंद केलंस?"

कैस कसंनुसं हसला. "काका, मी सुई मघाशीच उचलली. धूळ धरली होती, म्हटलं पुसून घेऊ."

"मघाशी म्हंजे केव्हा?"

"दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी."

चांगदेवचा हात मांडीवर तसाच राहिला. बोटांनी अजून ठेका सोडला नव्हता, ते त्याला दिसलं आणि त्याने मूठ आवळून घेतली. दुसरं, तिसरं, चौथं, तीन कडवी. टाळ, पेटी, अडखळलेली सुई, सगळं त्याने ऐकलं होतं. ते कुठून आलं?

तेवढ्यात त्याला दिसलं की कैस चांगदेवच्या खांद्यावरून मागे बघतोय. तो वळला. ठमी बाकावरून उठून त्याच्या पाठीशी उभी होती, दोन हात अंतरावर. तिचे ओठ नुकते मिटले होते.

"काय बोललीस?"

"तीन वेळा हाक मारली," ठमी म्हणाली. आता तिचं तोंड दिसत होतं, त्यामुळे शब्द नीट कळले. "तुमाला आयकायलाच येत न्हाय."

"टीव्ही आयकतो की मी."

"गल्लीला आयकायला जातोय तवा!" आणि मग तिचा आवाज बसला. "मी रांधता रांधता बोलतंय, तुमी पाठ करून बसलेले. मना वाटला, तुमाला माझा कंटाळा आला. म्हणून मंग मीच बोलायची बंद झाले."

प्राप्ती सासरी गेल्यापासून घर मुकं झालं, ठमी रुसल्यासारखी वागते, अशी तक्रार चांगदेवने स्वतःच प्राप्तीकडे कितीदा केली होती.

कैसने मशीन विकायचा विषयच काढला नाही. त्याची वहिनी नूरैन अलिबागला कान तपासायची. त्याने तिला फोन लावला आणि या दोघांना आपल्या गाडीत घालून तिकडे नेलं.

नूरैनने चांगदेवला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला त्याने पटापट दाबलं. मग बराच वेळ काही आलंच नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने काचेतून पाहिलं, तर नूरैन एकामागून एक कळा फिरवत होती आणि ठमीचा चेहरा उतरत चालला होता.

बाहेर आल्यावर नूरैनने कागद पुढे केला. त्यावरची रेघ मध्यापर्यंत सरळ येऊन धपकन खाली गेलेली होती.

"काका, जाडे आवाज तुम्हाला येतात. बारीक आवाज जवळजवळ गेलेत. यार्डातल्या गोंगाटाने होतं असं. एका दिवसात नाही झालेलं, आठ-दहा वर्षं तरी चालू असणार. माणूस ओठ बघून, अंदाजाने निभावून नेतो, त्याला स्वतःला कळतच नाही."

"बारीक म्हंजे कुठले?"

"पाखरांचा आवाज, शिट्टी, टाळ, घुंगरू. मोबाइलची रिंग. गाडी रिव्हर्स घेताना पीं-पीं वाजतं ना, ते."

चांगदेवने खाली गेलेल्या त्या रेघेवर बोट ठेवलं.

"कमलेश," तो म्हणाला. "ठमे, कमलेश."

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. यार्डात चांगदेव मशीनवरून उतरून चालत निघाला होता आणि कमलेश पाटील नावाचा ड्रायव्हर ट्रेलर मागे घेत होता. शेजारच्या माणसाने हात धरून खेचलं म्हणून चांगदेव वाचला, नाहीतर चाकाखाली गेला असता. चौकशी झाली. कमलेश रडकुंडीला येऊन सांगत होता की मागे घेतानाचा बीपर चालू होता, मी बटण तपासूनच निघालो होतो. चांगदेवने साहेबांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं, बीपर वाजलाच नाही. चोवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? कमलेशचा गेटपास रद्द झाला. नावापुढे शेरा बसला, आणि तो बघून बंदरातल्या दुसऱ्या कुठल्याही यार्डाने त्याला उभं केलं नाही.

"मी खोटं न्हाय बोललो," चांगदेव म्हणाला. "मला खरंच आयकू आलं न्हाय."

परतीच्या लाँचवर तो कठडा धरून उभा राहिला. ठमी शेजारी होती आणि मुद्दाम त्याच्या तोंडासमोर येऊन बोलत होती. इतकी वर्षं आपण ज्याची खात्री बाळगली, त्यातलं आणखी किती आपण नुसतंच मनाने ऐकलं असेल, याचा त्याला थांग लागेना.

दुसऱ्या दिवशी तो कमलेशला शोधत उरणच्या स्टँडवर गेला. कमलेश आता मिनीडोर, म्हणजे सहा सीटांची रिक्षा, चालवायचा. चांगदेवला बघताच त्याने तोंड फिरवलं.

"कमलेश, माझे कान गेलेत," चांगदेव म्हणाला आणि नूरैनचा कागद पुढे धरला. "तेव्हाच गेलेले होते. तुझा बीपर वाजत असणार. मला तो आयकायलाच येत न्हाय."

कमलेशने कागद घेतला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तो वरपासून खालपर्यंत बघत राहिला. आता हा अंगावर येईल, चारचौघांत शिव्या घालेल, असं चांगदेवला वाटत होतं, आणि त्याची त्याने तयारी ठेवली होती.

"काका," कमलेश शेवटी म्हणाला, "तुमी इतक्या ठामपणानं सांगितलंत, की मलाच वाटाय लागलं, बटण दाबलं नसेल. बायको म्हणायची, तुमी दाबलं असेल. मी म्हणायचो, न्हाय गं, घरतकाका खोटं कशाला बोलतील? चार वर्षं मी रोज ते बटण आठवतोय."

चांगदेवने शिव्या सहन केल्या असत्या. हे त्याला सहन झालं नाही. भर स्टँडवर, लोकांच्या देखत, तो रडला.

पुढे पंधरा दिवस तो यार्डाच्या ऑफिसात खेटे घालत राहिला. साहेब नवे होते. जुनं प्रकरण आहे, फाइल बंद झाली, तुम्ही निवृत्त झालात, कशाला उकरता, असं त्यांनी समजावलं. चांगदेवने नूरैनकडून सही-शिक्क्याचा दाखला आणला, स्वतःचा जबाब लिहून दिला आणि रोज दहाच्या ठोक्याला ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागला. शेवटी कंटाळून म्हणा किंवा पटून म्हणा, साहेबांनी शेरा काढल्याचं पत्र दिलं.

मधल्या दिवसांत कानाची मशीनं आली. ती लावून तो ठमीला घेऊन पुन्हा नागावला गेला. त्याच रेकॉर्डवर इतकी खरखर आहे हे ऐकून तो दचकला. तीन कडवी डोळे उघडे ठेवून ऐकली, मग ठमीकडे बघून विचारलं, "कुठलं घेऊ?" ठमीने पहिल्याकडे बोट दाखवलं. हुज्जत न घालता त्याने ते कैसला बांधून द्यायला सांगितलं.

यार्डाचं पत्र हातात पडलं त्या दिवशी तो थेट स्टँडवर गेला. कमलेशच्या मिनीडोरमध्ये चार प्रवासी बसले होते आणि आणखी दोघांची वाट बघणं चाललं होतं. कमलेशने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून लायसनच्या पाकिटात सरकवलं.

"परत ट्रेलरवर जाशील?" चांगदेवने विचारलं.

"बघू," कमलेश म्हणाला. "आधी घरी दाखवतो."

मागून कुणीतरी "चला की राव" म्हणून ओरडलं. कमलेशने चावी फिरवली, आपल्या शेजारच्या सीटवरची पाण्याची बाटली उचलून पायाशी ठेवली आणि म्हणाला, "बसा काका. नाक्यावर सोडतो."