भिंतीवरचा समुद्र

आमच्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यातल्या समुद्रावर मी जूनमध्ये खडूनं चौकटी आखल्या आणि सातवीतल्या हर्षालीच्या हाती माझा मोबाईल दिला. उपग्रह वरून समुद्राचं तापमान मोजतो, ते आकडे दर सोमवारी कुणालाही बघता येतात. पाणी नेहमीपेक्षा तापलेलं असलं तर तिनं चौकट खडूनं लाल रंगवायची, गार असलं तर निळी. नकाशाखाली तसं लिहूनही ठेवलं.

हर्षालीचा बाप मेंढरं राखतो. पोरगी वर्गात तोंड उघडायची नाही. पण पेरू देशाजवळच्या चौकटी लाल व्हायला लागल्या, तशी एकदा माझ्या तान्ह्या समर्थची झोळी हलवता हलवता म्हणाली, "बाई, तिकडं पाणी तापलं म्हणून आमचं तळं आटलं व्हय?"

"दर वेळी तसंच होतं असं नाही गं. पण तिकडं तापलं की आपल्याकडं बऱ्याचदा पाऊस कमी पडतो."

त्या दिवसापासून तिचा एक सोमवार चुकला नाही. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा घरी येऊन मोबाईल मागायची, आकडे वहीत उतरवून घ्यायची. डिसेंबरात शाळा तपासायला साहेब येणार होते. त्यांना पटलं, तर जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात हर्षाली बोलणार होती. आईला समोर बसवून ती रोज सराव करायची.

तपासणीच्या सकाळी समर्थला कडेवर घेऊन मी फाटकातून आत आले, तर सगळा समुद्र निळाशार. पेंटर कल्याणप्पा ब्रश धूत होता.

"सरांनी सांगितलं, डाग घालवा. म्या दोन हात मारले. लाल समुद्र कुठं असतुय का, बाई?"

मुख्याध्यापक हिंमतराव सर म्हणाले, "साहेबांना वाटायचं, पोरं पान खाऊन भिंतीवर थुंकतात. आणि मॅडम, तुमच्या कंत्राटी नोकरीची मुदत वाढवायचा कागद त्यांच्याच सहीला जायचाय. ध्यानात असू द्या."

हर्षाली भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वही हाय की माझ्याकडं."

साहेब आले. तिनं पेरूजवळ बोट टेकवलं. "हितं समुद्र लई तापलाय, साहेब. सत्तावीस आठवडे झाले."

साहेबांनी नकाशाखालचं वाचलं. "निळा म्हणजे गार, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग बाळ, हे तर गार आहे."

"न्हाय साहेब, वहीत..." बोलता बोलता ती माझ्याकडं बघायला लागली. हिंमतराव सरही बघत होते. रंग आज सकाळीच मारलाय, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणाले, "घाबरलीय, सर. चुकली ती."

"पाठ करून घ्या जरा. भिंत मात्र छान ठेवलीय." साहेब पुढच्या वर्गाकडं गेले. हर्षालीच्या बोटाला ओला रंग लागला होता. तिनं तो वहीच्या पुठ्ठ्याला पुसला.

सोमवारी मी मोबाईल उघडून तिच्यापुढं धरला. पेरूजवळचं पाणी आणखी तापलं होतं. ती आकडे बघायला वाकलीच नाही. खडूचा डबा तेवढा माझ्याकडं सरकवला.

"कुठला रंग द्यायचा ते तुमीच सांगा, बाई. माझं चुकतंय."