मांडीखालचा जोकर

माझी ताई लेखिका आहे, हे मी पूर्वी कौतुकानं सांगायचे. आताही कुणी विचारलं तर सांगते, पण दातओठ खाऊन.

दर उन्हाळ्यात ती पंधरा दिवस आमच्याकडे येते, कारण आमच्याकडे कूलर आहे. मी शिवणकाम करते. दुपारी दोन ते चार मशीन बंद. लेक आतल्या खोलीत झोपायची आणि आम्ही दोघी बाहेर फरशीवर बसून रमी खेळायचो. नियम ताईचाच: हरेल तिनं एक खरी गोष्ट सांगायची. मी सारखी हरायचे. गिऱ्हाइकांच्या चहाड्या सांगून संपल्या, सासूबाई संपल्या, नवऱ्याचं घोरणंसुद्धा संपलं. मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दुसरं काही उरलंच नाही म्हणून मी ते सांगितलं.

लेक पोटात होती तेव्हा नवऱ्याची नोकरी गेली होती. आत्ता मूल नको, असं मनाशी ठरवून मी एकटीच दवाखान्यात गेले. दीड तास बाकावर बसले. माझं नाव पुकारलं, डॉक्टरीणबाईंनी स्वतः दार उघडून धरलं, आणि मी उठले ती थेट घरी आले. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ताईनं माझा हात हातात घेतला, डोळे पुसले. मला किती हलकं वाटलं. मूर्ख मी, दुसरं काय.

या महिन्यात एका मासिकाचा उन्हाळी अंक आला. त्यात ताईची कथा, आणि शेजारच्या पानावर तिची मुलाखत. विषय कुठे सापडतात, असं विचारलंय. ताई म्हणते, "लांब कशाला जायचं? दुपारी घरच्यांबरोबर पत्ते कुटा. बहीण हरावी म्हणून मी जोकर मांडीखाली दाबून बसायचे. हरलेलं माणूस भडाभडा बोलतं." वर हसरा फोटो. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पण माझ्या आधी कथा लेकीनं वाचली होती. सोळा वर्षांची आहे, डोकं तेज. कथेत माझ्यासारखीच तोंडात टाचण्या धरून बोलणारी बाई, नोकरी गेलेला नवरा. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. मासिक माझ्या मशीनवर ठेवून तिनं विचारलं, "डॉक्टर आल्या असत्या तर?"

मला काही कळेना. मग मी कथेचा शेवट वाचला. कथेत डॉक्टरीणबाई रजेवर असतात. बाई संध्याकाळपर्यंत वाट बघते आणि नाइलाजानं परत फिरते.

"अगं, आल्या होत्या त्या. मी आपणहून उठून आले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

रात्रभर मी तळमळले. सकाळी लेकीसमोरच ताईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि म्हटलं, "हिला खरं काय ते सांग."

"हो गं बाळा, शेवट मी बदलला," ताई म्हणाली. "आपणहून उठते म्हटलं की फार गुडीगुडी वाटत होतं. तुझी आई खरंच स्वतः परत आली होती."

लेकीनं शांतपणे फोन बंद केला.

"मावशीला हे असं बोलायला कधी सांगितलंस?" ती म्हणाली. "मी आंघोळीला गेले होते तेव्हा?"