चांदवाली शेळी

मोताळ्याच्या आठवडी बाजारात कुलदीपमहाराजांच्या छत्रीभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराज पहाडातल्या एका वेलीचा रस विकत. साखरेचा आजार मुळासकट जातो अन् अपाय काडीचा नाही, असं त्यांचं म्हणणं. पुरावा शेजारीच बांधलेला असे: काळीभोर शेळी, कपाळावर पांढरा चांद. आधी तिला वाटीभर रस पाजायचा. मग ती तासभर निवांत रवंथ करी अन् लोक हात जोडत. मुकं जनावर खोटं बोलत नाही, असं महाराज सांगत. रानातला पाला शेळीनं खाल्ला की माणसालाही चालतो, हे आपल्याकडे बापजाद्यांपासून ठरलेलं. पुढं विचारतो कोण?

गर्दीत महामाया होती, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला असलेली. तिच्या वडिलांनी, किसनरावांनी, आठ दिवसांपासून साखरेच्या आजाराच्या गोळ्या बंद करून हा रस धरला होता. रोज ओकाऱ्या होत. साखर तोंडावाटे बाहेर पडते आहे, असा महाराजांचा खुलासा होता, अन् तो किसनरावांना पटलाही होता. आज ते दुसरी बाटली घ्यायला आले होते. लेकीची खात्री पटावी म्हणून मागच्या बाजारी शेळीसोबत काढलेला फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला.

महामायानं फोटो मोठा केला. शेळीच्या कानात पिवळा बिल्ला होता. त्यावरचा नंबर तिनं दोनदा वाचला. मागच्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी नाल्यात एक शेळी मरून पडली होती, तोंडाला फेस. तिची नोंद महामायानंच केली होती. नंबर हाच.

ती पुढं झाली, समोरच्या शेळीचा कान धरला अन् बिल्ला मोठ्यानं वाचला. नंबर वेगळा निघाला. मग तिनं फोटोतला वाचला, अन् नाल्यातली हकिगतही सांगितली.

महाराज हसले. "देवीची शेळी हाय, माय. रूप बदलते."

"रूप तं तेच हाय, महाराज. नंबर बदलला. अन् थो बिल्ला देवी नाई, आमचा दवाखाना लावते."

बाजूला शेळ्यांचे व्यापारी गुलाबराव उभे होते. महाराज दर बाजारी आपल्याकडून एक चांदवाली काळी शेळी नेतात, हे महामायानं विचारताक्षणी त्यांनी सांगून टाकलं. आजवर कोणी विचारलं नव्हतं. महाराजांना तेवढ्यात पूजेची वेळ आठवली अन् छत्री मिटली.

किसनरावांनी पिशवीतून पहिली बाटली बाहेर काढली. "म्या आठ दिस पेलो, बाई."

"चला बाबा. आत्ताच डॉक्टरकडे जाऊ. बाटली संग घ्या, त्याईले दाखवू."

वेल औषधी असेलही, नसेलही. ते बाजारात तासाभरात ठरत नाही. शेळीचं पोट वेगळं, माणसाचं वेगळं. पाजल्यावर दुसऱ्या दिवशी, महिन्यानं काय झालं, हे कोणीतरी मांडून ठेवावं लागतं, अन् मांडणारा विकणाऱ्याहून निराळा लागतो. तोवर वाटीला तोंड लावू नये. मागच्या बाजारची शेळी कुठं आहे, एवढं विचारायला शाळा शिकावी लागत नाही.