रिकाम्या खुर्चीची बाजू

पाण्याचा पेला हातात धरून वकीलसाहेब बाहेरच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. टीव्हीवर मुलीच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

"बसा की," आई म्हणाली. नवऱ्याला सगळं गाव वकीलसाहेब म्हणायचं, म्हणून तीही मनात तसंच म्हणायची.

"मी कुठे बघतोय? पाणी प्यायला आलोय."

रोज बरोबर याच वेळेला त्यांना तहान लागायची आणि बातम्या संपेपर्यंत पेला भरलेलाच असायचा. आई ते कधी उघड करायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वकीलसाहेबांची हयात कोर्टात गेली. तिथला एक रिवाज त्यांनी घरातही आणला होता. एक वकील उभा राहून बोलत असेल तर दुसऱ्याने खाली बसायचं. सहलीला जायची परवानगी हवी असली की मुलगी स्टुलावर उभी राहून युक्तिवाद करायची आणि हे निमूट खुर्चीत बसून ऐकायचे. पुढे तीच काळा कोट घालून त्यांच्या हाताखाली उभी राहिली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. मग एका खटल्याचा कायदा समजावून सांगायला एका वृत्तवाहिनीने तिला बोलावलं, पुन्हा बोलावलं, आणि एक दिवस ती तिथलीच झाली.

"कोर्टात माणूस पुराव्याने बोलतो. तिथे नुसती तोंडाची वाफ," ते म्हणाले होते. तेव्हापासून तिच्या बातम्या ते उभ्यानेच पाहत आणि मधूनच पडद्याला "हरकत आहे!" असं दरडावत. पडद्याने आजवर एकही हरकत मान्य केली नव्हती.

आज विषय तापलेला होता. नवाकोरा पादचारी पूल खचून माणसं जखमी झाली होती. सगळे ज्याच्याकडे बोट दाखवत होते तो इंजिनिअर चर्चेला आलाच नव्हता. त्याची रिकामी खुर्ची मुद्दाम पुन्हा पुन्हा दाखवली जात होती आणि दोन पाहुणे त्या खुर्चीवरच तुटून पडले होते.

आईला दुपारचा फोन आठवला. मुलगी म्हणाली होती, "संपादकांनी बजावलंय. आज त्या माणसाला सोलून काढ, नाहीतर उद्यापासून तुझी खुर्ची दुसऱ्याला."

"मग गं?"

"बघू."

पडद्यावर मुलीचा हात कानाकडे गेला. कानातून कुणीतरी तिला घाई करत असणार.

"हरकत..." वकीलसाहेबांनी सुरुवात केली.

मुलीने कानातलं ते यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"समोरची बाजू आज आलेली नाही," ती म्हणाली. "अशा वेळी आधी तिचं म्हणणं आपण मांडायचं, मग आपलं. असं मला माझ्या सीनियरनी शिकवलंय."

आणि ती चक्क उठून उभी राहिली. बाजू मांडायची तर उभं राहूनच, ही जुनी खोड! बिचाऱ्या कॅमेऱ्याला काय ठाऊक? तिचं डोकं पडद्याबाहेर गेलं आणि घरोघरी फक्त कोटाची बटणं दिसू लागली.

आवाज मात्र खणखणीत होता. पुलाचे खांब उभे राहण्याआधीच या इंजिनिअरची बदली झाली होती, ती सांगत होती. चौकशी अजून संपलेली नाही. तरीही आराखडा त्याचाच होता, तेव्हा काही प्रश्नांची उत्तरं त्याला द्यावीच लागतील. ते प्रश्नही तिने एकेक करून विचारले. पाहुण्यांना मध्ये तोंड घालायला जागाच मिळाली नाही. कॅमेरा धडपडत वर सरकला आणि एकदाचा तिचा चेहरा सापडला.

आईचा ऊर अभिमानाने भरून आला. खुर्ची राहो नाहीतर जावो, पोरीने आईबापाचं नाव काढलं होतं. हे नवऱ्याला सांगावं म्हणून तिने दाराकडे पाहिलं, तर दारात कुणीच नव्हतं.

वकीलसाहेब तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. पाठ ताठ, भरलेला पेला गुडघ्यावर.

"पाणी प्यायचं राहिलं तुमचं," ती म्हणाली.

"शूऽ," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "ती उभी आहे ना."